गाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

आखाजीच्या आधीचे दीड-दोन महिने जळगाव-धुळ्याकडच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंना उसंत नसते. लग्नसराई तोंडावर आलेली असते, हळदीला नवं गाणं हवं असतं, डीजेवाल्याला नवा ट्रॅक हवा असतो. ज्याच्या गळ्यात जरा दम आहे तो अमळनेर, पारोळा, साक्री, शिरपूर अशा कुठल्या कुठल्या गावांहून भर उन्हात मोटारसायकल हाकत येतो आणि माइकपुढे उभा राहतो. त्यातलं एखादं गाणं खानदेशाची वेस ओलांडून जातं. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ किंवा ‘हाई झुमका वाली पोर’ या गाण्यांवर अहिराणीचा एक शब्द न कळणारी माणसंही नाचली आणि यूट्यूबवरचे आकडे कोटींत गेले. असं काही होईल हे वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर ऐकणारा हसला असता.

व्यवहार मात्र अजून त्या वीस वर्षांपूर्वीच्याच पद्धतीने चालतात. ‘गानं चालनं ते पैसा देसूत,’ एवढ्या एका वाक्यावर गाणं रेकॉर्ड होतं. कुणी कागदाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: ‘आपलाच घरना माणूस शे, कागद कशाले?’ गाणं चाललं नाही तर या वाक्याने कुणाचं काही बिघडत नाही. चाललं की मात्र लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा आणि पैसे लावणारा असे चौघेही ते आपलंच असल्याचं सांगू लागतात. गंमत म्हणजे चौघंही थोडं थोडं खरं बोलत असतात.

हा लेख त्या चौघांसाठी आहे. मोबाइलवर गाणं कसं चढवायचं हे शिकवायला गल्लीतला कुठलाही पोरगा पुरेसा आहे. खानदेशी गाण्याचं अडतं ते कागदावर.

गाणं एक, हिस्से चार

कायद्याच्या नजरेत एका गाण्यात निदान चार हक्क असतात. शब्दांचा, चालीचा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा. व्हिडिओ केला असेल तर तो पाचवा. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव एका बाजूला आणि ‘इतर हक्क’ दुसऱ्या बाजूला असतात, तसंच हे आहे. फरक इतकाच की शेताचा उतारा तलाठ्याकडे आयता मिळतो, गाण्याचा आपला आपल्याला तयार करावा लागतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा पहिला मालक कवी, चालीचा पहिला मालक संगीतकार. ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणजे निर्माता. ते मुद्रण घडवून आणायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो. इथेच आपल्याकडे पहिला घोटाळा होतो. तुम्ही स्टुडिओला तासाचे पैसे दिले, वादकांना दिले, मिक्सिंगचे दिले, तर निर्माता तुम्ही आहात, स्टुडिओवाला नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर तुमच्या गाण्याची फाइल आहे म्हणून तो मालक होत नाही. तेव्हा बिल भागवलं त्याच दिवशी प्रोजेक्ट फाइल आणि वेगवेगळे ट्रॅक पेनड्राइव्हवर मागून घ्या. पैसे रोख दिले असतील तर पावती घ्या, नाहीतर फोनपे-गूगल पेवर द्या. ती नोंद उद्या कामाला येते.

दुसरा घोटाळा ‘म्युझिक’ या शब्दाआड लपलेला असतो. आपल्याकडे स्टुडिओत कीबोर्डवर बसलेला माणूस ट्रॅक बांधतो, ढोलकीचे तुकडे लावतो, मिक्सिंगही करतो आणि पोस्टरवर त्याचं नाव ‘संगीत’ म्हणून येतं. चाल मात्र गाणाऱ्याने घरीच लावून आणलेली असते. मग संगीतकार कोण? मी तर म्हणेन, चाल ज्याच्या तोंडून पहिल्यांदा आली तो संगीतकार आणि ट्रॅक बांधणारा संयोजक. पण वादाच्या वेळी माझं किंवा तुमचं मत चालत नाही, लिहिलेलं चालतं. म्हणून ‘संगीतकार’ कुणाला म्हणायचं आणि ‘संगीत संयोजन’ कुणाच्या नावावर टाकायचं, हे रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवा.

एक पानी कागद

वकिलाकडचं वीस पानी इंग्रजी करारपत्र नको. मराठीत, साध्या शब्दांत लिहिलेलं आणि सगळ्यांच्या सह्या असलेलं एक पान पुरतं. स्टॅम्प पेपरवर केलंत तर बरंच. फक्त महाराष्ट्रात शंभराच्या स्टॅम्पवर भागायचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आता किमान पाचशेचा लागतो.

कायद्याचं कलम १९ यात सगळ्यात कामाचं आहे. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा असेल तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावं लागतं. तोंडी दिलेला हक्क दिलेला धरत नाहीत. त्यामुळे ‘कागद कशाले?’ म्हणणाऱ्या निर्मात्यालाच हे शांतपणे समजावून सांगा की बाबा, कागद नसेल तर नुकसान तुझं आहे. पैसे तू लावलेस, पण सहीशिवाय शब्द कवीचे आणि चाल संगीतकाराचीच राहते. उद्या कुणी मोठ्या कंपनीने गाणं विकत मागितलं, तर तू काय विकणार? कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, हा समज इतका खोल रुजलेला आहे की भावनेच्या वाटेने तो निघत नाही. या हिशेबाने निघतो.

कागदावर गाण्याचं नाव आणि पहिली ओळ लिहा, कारण ‘गाणं क्रमांक ३’ कोणतं होतं हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. कुणी काय केलं ते लिहा. मग हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहा. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच धरतो. घेणाऱ्याने वर्षभरात गाणं वापरलंच नाही आणि कागदावर वेगळं काही ठरलेलं नसलं, तर हक्क देणाऱ्याकडे परत येतात. दहा गाणी एकदम घेऊन त्यातली दोनच प्रसिद्ध करणारे आणि बाकीची पेटीत ठेवणारे निर्माते आपल्याकडे आहेत. त्यांच्याशी व्यवहार करताना हे कलम लक्षात असू द्या.

पैशाबद्दल लिहिताना सगळे जण ‘खर्च वजा जाता नफ्यात अमुक टक्के’ असं लिहितात आणि फसतात. खर्च म्हणजे किती, ते कोण ठरवणार? ऑडिओचा खर्च बेताचा असतो, पण व्हिडिओत ड्रोन आला, नाचणाऱ्या पोरी आल्या, हिरोहिरॉइनचे कपडे आणि जेवणं आली की आकडा कुठल्या कुठे जातो. तेव्हा खर्चाचा आकडा सही करतानाच रुपयांत लिहून टाका. त्यावर जो खर्च होईल तो निर्मात्याचा. हिशेब दर तीन महिन्यांनी, यूट्यूब स्टुडिओतल्या कमाईच्या पानाच्या स्क्रीनशॉटसकट मिळाला पाहिजे, हेही लिहा. नुसती ‘मी सांगतो ना’ ही कमाईची पावती नव्हे.

आता कवी आणि संगीतकारांनी नीट वाचावं असा भाग. २०१२च्या दुरुस्तीपासून ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या कर्त्याला रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला सोडून देता येत नाही. देता येतो तो फक्त वारसांना किंवा हक्क गोळा करणाऱ्या संस्थेला. ‘एकरकमी दोन हजार मिळाले, यापुढे माझा काही संबंध नाही’ अशा कागदावर तुम्ही सही केली असली, तरी रॉयल्टीपुरतं ते कलम रद्दबातल आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्यावरचे हक्क कागदावर स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिलेले धरत नाहीत. गाणाऱ्यांसाठी कलम ३८अ आहे. सादरीकरणाचा धंद्यासाठी वापर झाला की गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे.

नावाचा हक्क तर पैशाहूनही वेगळा आहे. सगळे हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं आहे’ असं म्हणवून घेण्याचा कर्त्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे शाबूत राहतो. खानदेशी गाण्यांच्या व्हिडिओखालचं वर्णन उघडून बघा. कॅमेरामन, एडिटर, ड्रोनवाला, ‘विशेष आभार’मध्ये अर्धं गाव, आणि गीतकाराचा पत्ता नाही, असं किती तरी वेळा दिसतं.

अगदीच कागद होत नसेल, समोरचा मामाच असेल आणि मामाला राग येणार असेल, तर रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा आणि ठरलेलं सगळं त्यात टाका: ‘मामा, काल ठरलं त्याप्रमाणे शब्द माझे, चाल तुमची, वाटा अर्धा-अर्धा.’ मामाने अंगठा दाखवला तरी पुष्कळ झालं. हक्क देण्या-घेण्यासाठी सहीच लागते, पण काय ठरलं होतं याचा पुरावा म्हणून हा मेसेज उभा राहतो.

चॅनेल कुणाच्या जीमेलवर?

गाणं तुमचं, आवाज तुमचा, फोटो तुमचा आणि चॅनेल स्टुडिओवाल्याच्या भाच्याच्या जीमेलवर, हे इकडचं रोजचं चित्र आहे. सुरुवातीला कुणालाच त्याचं काही वाटत नाही, कारण सुरुवातीला चॅनेलवर काही येतच नाही. यूट्यूबवर जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत ४००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज. तिथवर पोचेपर्यंत भाचा पुण्याला नोकरीला लागलेला असतो आणि पासवर्ड त्याच्यासोबत गेलेला असतो.

चॅनेल स्वतःच्या नावाच्या, स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडलेल्या खात्यावर उघडा. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू ठेवा. तो मोबाइल नंबर रिचार्जविना बंद पडू देऊ नका. कंपनी तो पुढे दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. दुसऱ्याने गाणी चढवायची असतील तर त्याला पासवर्ड नको, यूट्यूब स्टुडिओच्या ‘परमिशन्स’मध्ये जाऊन मॅनेजर किंवा एडिटरचा अधिकार द्या, काम सुटलं की काढून घ्या. ‘तुमच्या चॅनेलवर जाहिरात करायची आहे, सोबतची फाइल उघडा’ अशा ईमेलपासून तर चार हात लांब राहा. चॅनेल चोरीला जाण्याची ती सर्रास वाट आहे.

आणि एका जागेवर सगळं ठेवू नका. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कित्येकांचे लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. विंक नावाचं गाण्यांचं अ‍ॅप एअरटेलने २०२४ मध्ये बंद केलं. कॅसेटही अशीच गेली. गुलशनकुमारांच्या टी-सीरिजने १९८०च्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त केली की हिंदी सिनेमाच्या बाहेरची, बोलींतली गाणी बस स्टँडवरच्या टपरीत विकायला आली. मग सीडी आली, मालेगावच्या खानदेशी विनोदी सिनेमांनी तिच्यावर राज्य केलं, आणि तीही गेली. प्रत्येक वेळी माध्यम बुडालं, गाणं उरलं. ज्यांच्याकडे मूळ मुद्रण आणि कागद होते, त्यांनी तेच गाणं नव्या माध्यमावर पुन्हा आणलं. म्हणून मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक प्रत क्लाउडवर ठेवाच.

उसनी चाल, फुकटचे लूप आणि डीजे

हिंदी गाण्याच्या चालीवर अहिराणी शब्द बसवायची आपली जुनी खोड आहे. तमाशात ते खपायचं, जागरणात खपायचं, भजनातही खपायचं. यूट्यूबवर खपत नाही. तिथली ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा मूळ मुद्रण तर ओळखतेच, पण नुसती चालही ओळखू शकते. मग तुम्ही शब्द कितीही बदला, कमाई मूळ कंपनीकडे वळते. कायदेशीर वाट कलम ३१सी मध्ये आहे, पण तीत मूळ गाणं आल्यावर पाच वर्षं थांबणं, आगाऊ नोटीस, आगाऊ रॉयल्टी, शब्द-चालीत मनमानी बदल न करणं अशा अटी आहेत. खेड्यातल्या गायकाला ते परवडणारं नाही. सरळ सांगतो, स्वतःची चाल लावा. ओवी, वही, पावरी, कानबाईची गाणी अशी चालींची खाण घरात असताना उसनवारी कशाला?

इथे दोन शब्द नीट समजून घ्या, कारण त्यांच्या गोंधळात लोक घाबरून चांगली गाणी काढून टाकतात. ‘क्लेम’ म्हणजे कमाई दुसऱ्याकडे गेली. चॅनेलला धोका नाही. ‘स्ट्राइक’ म्हणजे तक्रारीवरून व्हिडिओच काढला. नव्वद दिवसांत अशा तीन लागल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. क्लेम चुकीचा असेल तर हरकत घ्या. समोरच्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दिलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो. हरकत खोटी घेऊ नका, मात्र खरी असेल तर बिनधास्त घ्या.

तुमचं गाणं दुसऱ्यांनी चढवलं तर ते पकडणारी कंटेंट आयडी यंत्रणा लहान चॅनेलना थेट मिळत नाही, गाणी सगळीकडे पोचवणाऱ्या वितरकामार्फत मिळते. घेण्याआधी एक विचारा. तुमच्या ट्रॅकमध्ये इंटरनेटवरून उतरवलेले ढोलाचे, बेंजोचे तयार तुकडे आहेत का? तेच तुकडे आणखी शंभर जणांनी वापरलेले असतात. असं गाणं कंटेंट आयडीत टाकलं की तुमच्या नावाने भलत्यांच्या गाण्यांवर क्लेम जातात आणि शेवटी वितरक तुमचंच खातं गोठवतो. स्टुडिओवाल्याला हा प्रश्न रेकॉर्डिंगच्या वेळीच विचारा. नंतर त्यालाही आठवत नाही.

डीजेचं प्रकरण खास आपल्याकडचं. धुळे-जळगावात गाणं आधी मिरवणुकीत वाजतं आणि मग मोबाइलवर शोधलं जातं. त्यामुळे डीजेवाल्याशी भांडू नका, तो तुमचा फुकटचा प्रचारक आहे. तसंही लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवणं कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उल्लंघन धरत नाहीत. पण गाण्यावर स्वतःच्या नावाचा पुकारा टाकून, ठोका वाढवून तो रिमिक्स आपल्याच चॅनेलवर चढवणं ही वेगळी गोष्ट झाली. माझा सल्ला असा, गाण्यासोबत तुमचाच एक ‘अधिकृत डीजे मिक्स’ त्याच दिवशी काढा, तालुक्यातल्या चार मोठ्या डीजेंना हाताने नेऊन द्या आणि सांगा: वाजवा पाहिजे तितकं, चढवू नका.

रील्सचंही असंच आहे. गाणं इन्स्टाग्रामवर वितरकामार्फत अधिकृतपणे जायच्या आधी कुणी त्याचा तुकडा रीलमध्ये टाकला, तर तो आवाज त्या माणसाच्या नावाने ‘मूळ ऑडिओ’ म्हणून फिरू लागतो. पुढच्या हजारो रील्स त्याच्याच नावावर जमा होतात. म्हणून आधी वितरकाकडे आणि मग यूट्यूबवर, हाच क्रम ठेवा.

वितरक म्हणजे डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी यांसारख्या सेवा, ज्या एकदाच घेऊन गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, अ‍ॅपल म्युझिक, इन्स्टाग्राम सगळीकडे पाठवतात. काही वर्षाला पैसे घेतात; भरणं थांबवलं की गाणी उतरू शकतात. सीडी बेबी एकदाच शुल्क घेते आणि पुढच्या कमाईतले ९ टक्के ठेवते. गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकी क्रमांक मिळतो, तो डायरीत लिहून ठेवा. वितरक बदलला तरी क्रमांक तोच द्यायचा. भाषेच्या यादीत अहिराणी सापडली नाही तर मराठी निवडा, पण शीर्षकात आणि वर्णनात ‘अहिराणी’ आणि ‘खानदेशी’ दोन्ही शब्द हवेत, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे साडेअठरा लाखांवर नोंदले गेले आणि त्यातले सगळे काही तापी-गिरणेच्या काठी राहत नाहीत. सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये, नाशिकच्या सिडकोत, कल्याणमध्ये, पुण्यात ते आहेत आणि लग्नाला गावी येण्याआधी महिनाभर गाणी शोधत असतात. स्ट्रीमिंगच्या कमाईवर मात्र घर चालेल अशी आशा धरू नका. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याचा हिशेबच सुरू होत नाही. आपला गल्ला आजही यूट्यूब, कार्यक्रमांची बिदागी आणि हळदीच्या सुपाऱ्या हाच आहे.

पैसे येतात कसे, अडतात कुठे

व्हिडिओच्या आधी-मध्ये येणाऱ्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के यूट्यूब चॅनेलवाल्याला देतं, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५. ‘कोटी व्ह्यूज म्हणजे कोटी रुपये’ हे पारावरचं गणित आहे. सगळ्या व्ह्यूजवर जाहिरात लागत नाही, आणि मिरवणुकीत ब्लूटूथवर वाजलेल्या गाण्याचा तर कुठेच हिशेब नसतो. जाहिरातींचे दर दिवाळीच्या आसपास चढतात आणि जानेवारीत पडतात. लग्नसराईत व्ह्यूज जास्त आणि दर कमी, याने हिरमुसू नका.

कमाई १० डॉलरला पोचली की गूगल टपालाने पत्त्याच्या पडताळणीचा पिन पाठवतं. खेड्यात पत्ता ‘मु. पो.’ एवढाच असतो आणि पाकीट पोस्टातच पडून राहतं. पत्त्यात मोबाइल नंबर आणि ओळखीची खूण लिहा, पोस्टमनला आधी सांगून ठेवा. शंभर डॉलर जमले की पैसे बँकेत येतात, पण परदेशातून येतात, त्यासाठी स्विफ्ट कोड लागतो. गावातल्या सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं खातं इथे उपयोगाचं नाही. राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जाऊन स्विफ्ट कोड विचारा. शाखेला नसेल तर मुख्य शाखेचा चालतो. अ‍ॅडसेन्समध्ये अमेरिकी कराची माहिती भरा, पॅनसकट. भरली तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर कर, तोही भारत-अमेरिका कराराच्या सवलतीच्या दराने कापला जातो. भरली नाही तर सगळ्या जगातल्या कमाईवर कात्री लागू शकते. न्यू जर्सीत कुणी अहिराणी ऐकत नाही म्हणून तो फॉर्म सोडून देणाऱ्यांना हे माहीत नसतं.

कवी आणि संगीतकारांनी आयपीआरएसचे सभासद व्हावं. १९६९ पासूनची ही संस्था शब्द आणि चालीची रॉयल्टी गोळा करते. २०१७ मध्ये तिची दुरुस्ती झालेल्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली. गायक-वादकांसाठी इसाम्रा आहे, जी आधी इस्रा म्हणून ओळखली जायची. अर्ज ऑनलाइन होतो. खानदेशातल्या एखाद्या गीतकाराला त्यातून लगेच काही मोठं मिळेल असं नाही, पण ज्याचं नाव यादीतच नाही, त्याच्या नावाचे पैसे कुणी शोधत बसत नाही.

आजीचं गाणं

कानबाईची, आखाजीची, गौराईची गाणी कुणा एकाची नाहीत. ती कुणीही गावीत, कुणीही मुद्रित करावीत. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये आली. साठ वर्षांची मुदत सरली, त्यामुळे त्यांच्या शब्दांना आता कॉपीराइट नाही. (त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, हे जळगावात विसरून चालत नाही.) पण त्या शब्दांना कुणी लावलेली चाल आणि कुणी केलेलं मुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. रेडिओवर ऐकलेली चाल ‘पारंपरिक’ समजून उचलू नका.

उलट बाजूने, तुम्ही कानबाईचं पारंपरिक गाणं स्वतः गाऊन चढवलं आणि कुणी त्यावर क्लेम टाकला, तर घाबरू नका. शब्द-चाल पारंपरिक, मुद्रण माझं, एवढं लिहून हरकत घ्या.

मात्र सत्तरीतल्या एखाद्या आजीला ओट्यावर बसवून मोबाइलवर तिची गाणी टिपली असतील, तर त्या सादरीकरणाची मालकीण ती आहे. कायदा सादरकर्त्याला पन्नास वर्षांचा हक्क देतो आणि त्यात आजी-मावशी असा भेद करत नाही. तिला विचारा, तिचं नाव आणि गाव लिहा, पैसे आले तर तिला द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या, आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘परी’च्या संकेतस्थळावर असलेल्या जात्यावरच्या ओव्या बघा. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून जास्त गावं, आणि कुठली ओवी कुठल्या गावच्या कुणी गायली याची नोंद सोबत. ‘खानदेशी लोकगीत, गायिका: गावकरी महिला’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांनी ते एकदा पाहावंच.

आवाज आजीचा असो की तुमचा, त्याची नक्कल करणारी नवी यंत्रं आता मोबाइलवर आली आहेत. अरिजीत सिंगच्या आवाजाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा नकलेला मनाई केली. आपल्या एक पानी कागदात एक ओळ वाढवा: माझा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी किंवा यंत्राकडून वदवण्यासाठी माझ्या लेखी परवानगीशिवाय वापरायचा नाही.

प्रकरण तुटेपर्यंत ताणलं तर

आधी समोरासमोर बोला, मग वकिलाची नोटीस. नोंदणीशिवायही कॉपीराइट तुमचाच असतो, पण गाणं चाललं असेल आणि वादाचा वास येत असेल तर नोंदणी करून घ्या. शब्द आणि चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये, सगळं ऑनलाइन. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. प्रत्येक गाण्याची नोंदणी करत बसू नका, तेवढ्या पैशात दुसरं गाणं होतं.

आणि कंपनी मुंबईची म्हणून तिच्याशी मुंबईतच लढावं लागेल, असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नुसार दावा करणारा जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. चोपड्याच्या गायकाचा दावा जळगावात चालतो, शिंदखेड्याच्या कवीचा धुळ्यात. तारखेला अंधेरीहून यायचं ते कंपनीच्या वकिलाने. तुम्ही सोबत सहीचा कागद, पेनड्राइव्हवरची प्रोजेक्ट फाइल, फोनपेची नोंद आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घेऊन जायचं.